शिकागो ते मोंढा: सोयाबीनच्या भावाचा अंदाज वाचायला शिका

१४ सप्टेंबर २०२४. केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. उपकर धरून एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच निरोप फिरू लागला: आता सोयाबीन थांबत नाही. तेल खरंच महागलं, किराणा दुकानात पिशवीचा भाव चढला. पण ऑक्टोबरात नवा माल मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आला तेव्हा बहुतेक सौदे क्विंटलला चार ते साडेचार हजारांच्या पट्ट्यातच होत राहिले. हमीभाव होता ४,८९२ रुपये.

बातमी खरी होती. त्या बातमीपासून सोयाबीनच्या भावापर्यंतची वाट मात्र फार थोड्यांनी चालून पाहिली होती. ती कशी चालायची, ते इथे पायरीपायरीने मांडतो. शिकून गावी परतलेली आणि बापाचा माल विकायची जबाबदारी अंगावर आलेली मुलं-मुली, शेतकरी उत्पादक कंपनीत नुकतेच लागलेले कर्मचारी, नवखे आडते, अर्थशास्त्राचे विद्यार्थी, असे वाचक डोळ्यांपुढे आहेत. गणित दहावीपर्यंतचं पुरतं. एक वही, मोबाईल आणि आठवड्यातला तासभर वेळ लागतो.

सोयाबीन निवडलं, कारण जागतिकीकरण म्हणजे काय हे त्याच्याइतकं उघडपणे दुसरं पीक क्वचितच दाखवतं. अमेरिकेच्या आयोवात ऑगस्टमध्ये पाऊस लांबला, चीनने एखादा करार मोडला, इंडोनेशियाने डिझेलमध्ये पामतेल जास्त मिसळायचं ठरवलं, तर त्याचा धक्का लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीपर्यंत पोचतो. किती पोचतो आणि कुठे अडतो, हे मोजता येणं म्हणजे अंदाज वाचता येणं.

पायरी १: एका पोत्यातले दोन माल ओळखा

सोयाबीन थेट कोणी खात नाही म्हटलं तरी चालेल. प्लांटवाला ते घेतो, गाळतो, आणि त्यातून दोन वस्तू विकतो: तेल आणि पेंड. एका क्विंटलमधून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. तेल आपल्या कढईत जातं, पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणून सोयाबीनचा भाव हा दोन वेगळ्या बाजारांची बेरीज असतो.

समजण्यापुरते आकडे घेऊ. तेल १२० रुपये किलो धरलं तर १८ किलोचे २,१६०. पेंड ३३ रुपये किलो धरली तर ८० किलोचे २,६४०. एकूण ४,८००. गाळपाचा खर्च, वाहतूक, प्लांटचा नफा असे ३५० काढले तर प्लांटवाला क्विंटलला ४,४५० पर्यंत देऊ शकतो. त्याहून जास्त दिले तर तो तोट्यात जातो, मग तुमचा माल कितीही चांगला असो.

आता यातली मेख पाहा. तेल किलोमागे एक रुपयाने हललं की क्विंटलला १८ रुपये फरक पडतो. पेंड एक रुपयाने हलली की ८० रुपये. शुल्कवाढीने तेल किलोला २० रुपयांनी चढलं असं माना. क्विंटलला ३६० रुपये वाढले. त्याच वेळी पेंड फक्त साडेचार रुपयांनी उतरली, तर ते सगळे ३६० परत गेले. २०२४ मध्ये असंच घडत होतं. जगात सोयाबीन मुबलक, त्यामुळे पेंड स्वस्त. त्यात देशात मका आणि तांदळापासून इथेनॉल वाढलं, आणि इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो पोल्ट्रीवाल्यांना पेंडीपेक्षा स्वस्तात मिळू लागला. तेलाची बातमी सगळ्यांनी वाचली. पेंडीची बातमी कोणी पुढे पाठवली नाही.

वहीच्या पहिल्या पानावर ही बेरीज लिहा. दर आठवड्याला तुमच्या भागातल्या प्लांटचा तेलाचा आणि पेंडीचा भाव घाला, आणि बेरीज मोंढ्यातल्या सौद्याशी ताडून पाहा. दोन महिन्यांत तुम्हाला कळेल की तुमच्या भागात गाळपाचा खर्च म्हणून नेमके किती रुपये वजा होतात. हा आकडा कुठल्याही अहवालात मिळत नाही.

पायरी २: कोण पिकवतो, कोण घेतो

जगात वर्षाला साधारण ४२ कोटी टन सोयाबीन होतं. त्यातलं १७ कोटी टनांच्या आसपास एकटा ब्राझील पिकवतो, अमेरिका १२ कोटींच्या जवळ, अर्जेंटिना ५ कोटींच्या आसपास. भारत सव्वा कोटीच्या आगेमागे, म्हणजे शंभरात तीन. घेणाऱ्यांत चीन एकटा वर्षाला सुमारे १० कोटी टन उचलतो, जगातल्या एकूण सोयाबीन व्यापाराच्या निम्म्याहून जास्त. हे प्रमाण डोक्यात बसलं की कुठली बातमी मोठी आणि कुठली किरकोळ हे आपोआप कळू लागतं.

ब्राझील पहिल्यापासून असा नव्हता, आणि तो असा कसा झाला ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरची मासेमारी कोसळली. तिथल्या माशांची भुकटी जगभर पशुखाद्यात जायची. ती संपल्यावर सगळे सोयापेंडीकडे धावले. भाव इतके चढले की जून १९७३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी फार दिवस टिकली नाही, पण जपान हादरला. टोफू, मिसो, सोया सॉस, सगळं अमेरिकी सोयाबीनवर चाललेलं. पुन्हा असा प्रसंग नको म्हणून जपानने ब्राझीलच्या सेराडो या आम्लधर्मी, ओसाड समजल्या जाणाऱ्या माळरानावर पैसा लावला. १९७९ पासून दोन्ही देशांचा संयुक्त प्रकल्प तिथे सुरू झाला. ब्राझीलची सरकारी कृषी संशोधन संस्था एम्ब्रापा १९७३ मध्येच स्थापन झाली होती. चुना टाकून जमीन सुधारली गेली, उष्ण प्रदेशात येतील अशी वाणं तयार झाली. आज तोच ब्राझील अमेरिकेच्या पुढे आहे.

काही आठवड्यांच्या बंदीने पन्नास वर्षांचा नकाशा बदलला. म्हणून कोणत्याही देशाने निर्यात थांबवली किंवा शुल्क लादलं की दोन प्रश्न वहीत वेगवेगळे लिहायचे: या महिन्यात भावाचं काय होईल, आणि घेणारा आता दुसरा दुकानदार शोधेल का? पहिल्याचं उत्तर लगेच दिसतं. दुसऱ्याचं उशिरा येतं, पण ते जास्त काळ टिकतं.

पिकांचं कॅलेंडरही इथेच टिपून घ्या. अमेरिकेत पेरणी एप्रिल ते जून, काढणी सप्टेंबर ते नोव्हेंबर. ब्राझीलमध्ये पेरणी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून, काढणी जानेवारी ते एप्रिल. आपला माल ऑक्टोबरात येतो, म्हणजे अमेरिकेच्या मालासोबतच. फेब्रुवारीत भाव वाढेल म्हणून थांबलेल्या शेतकऱ्यासमोर तेव्हा ब्राझीलचा नवा माल उभा असतो. ऑगस्ट हा अमेरिकेत शेंगा भरण्याचा महिना. त्या महिन्यातल्या हवामानाच्या बातम्यांना बाजार सर्वांत जास्त दचकतो.

पायरी ३: शिकागोचा आकडा आपल्या मापात आणा

शिकागोच्या वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे आजच ठरतात तिथे, सोयाबीनचा भाव बुशेलला सेंटमध्ये सांगतात. मोबाईलवर १००० दिसलं तर ते १० डॉलर. पुढे आडवी रेघ किंवा अवतरण चिन्ह देऊन जो अंक असतो, तो सेंटचा आठवा भाग. तो सोडून द्या. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे २७.२२ किलो, म्हणून एका क्विंटलमध्ये ३.६७ बुशेल. १० डॉलरचा भाव झाला क्विंटलला ३६.७४ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर सुमारे ३,१२३ रुपये.

हा आकडा मोंढ्यापेक्षा कमी दिसला तर गोंधळू नका. परदेशातलं बहुतेक सोयाबीन जनुकीय बदल केलेल्या वाणांचं असतं आणि ते बी म्हणून आपल्याकडे सर्रास आणता येत नाही. म्हणून शिकागोचं बी आणि लातूरचं बी थेट भिडत नाहीत. भिडतात ते त्यांचे दोन तुकडे: तेल आयातीतून, पेंड निर्यातीतून. तुलना तिथेच करायची.

तेलाचा भाव शिकागोत पौंडाला सेंटमध्ये असतो. ५० सेंट म्हणजे टनाला सुमारे १,१०२ डॉलर, किलोला ९३.७ रुपये. त्यावर जहाजाचं भाडं आणि शुल्क चढतं. पेंडीचा भाव ९०७ किलोच्या अमेरिकी टनाला डॉलरमध्ये. ३०० डॉलर म्हणजे आपल्या हजार किलोच्या टनाला ३३१ डॉलर, किलोला २८ रुपयांच्या आसपास.

आता डॉलरची ताकद पाहा. शिकागोत काहीच हललं नाही, फक्त डॉलर ८५ चा ९० झाला, तर तेल किलोला साडेपाच रुपयांनी आणि पेंड दीडपावणेदोन रुपयांनी महाग पडते. पायरी १ च्या बेरजेत घाला: क्विंटलला सुमारे २३० रुपये. २०२४ च्या सुरुवातीला डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये ९० च्या पुढे गेला. सोयाबीन विकणाऱ्या घरात डॉलरचा भाव पाहण्याची सवय नसणं परवडणारं नाही.

शिकागोचा आकडा म्हणजे जगाचा आकडा असंही समजू नका. ६ जुलै २०१८ पासून चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. अमेरिकी माल पडून राहिला, शिकागो घसरलं, आणि चीन ब्राझीलकडे वळल्यामुळे ब्राझीलच्या बंदरांवर शिकागोच्या भावापेक्षा बराच जादा भाव मिळू लागला. एकाच वस्तूचे दोन भाव दोन दिशांना गेले. व्यापारयुद्धाच्या काळात म्हणून ब्राझीलचा भाव वेगळा पाहावा लागतो.

पायरी ४: वास्डे अहवालातली एकच ओळ आधी वाचा

अमेरिकेचं कृषी खातं दर महिन्याला, बहुधा ८ ते १२ तारखेच्या दरम्यान, जगातल्या शेतमालाच्या पुरवठा-मागणीचा अंदाज काढतं. त्याला सगळे वास्डे म्हणतात. वॉशिंग्टनमध्ये दुपारी बाराला तो प्रसिद्ध होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. अहवाल फुकट मिळतो, तीसचाळीस पानांचा असतो, आणि नवखा माणूस पहिल्या पानावरच दमतो. सगळा वाचायची गरज नाही.

जागतिक सोयाबीनचा तक्ता काढा आणि शेवटचा रकाना पाहा: वर्षअखेरचा साठा. कणगीचाच हिशेब आहे हा. जुनं किती उरलं, नवं किती आलं, खाल्लं किती, आणि पुढचं पीक येईपर्यंत तळाला किती राहील. साठ्याला एकूण वापराने भागा. हल्लीच्या वर्षांत जागतिक साठा साधारण १२ कोटी टनांच्या आसपास आणि वापर ४१ कोटींच्या, म्हणजे ३० टक्क्यांच्या जवळ. कणगी इतकी भरलेली असताना एखाद्या देशातला दुष्काळ भाव थोडे दिवस उसळवतो. कणगीच्या तळाला खडखडाट असताना तोच दुष्काळ विक्रम करतो: २०१२ मध्ये अमेरिकेत दुष्काळ पडला आणि सप्टेंबरात शिकागोचा भाव बुशेलला १८ डॉलरच्या उंबरठ्यावर गेला.

मग तीन गोष्टी टिपा. या महिन्याचा आकडा, मागच्या महिन्याचा आकडा, आणि अहवालाआधी बाजाराची अपेक्षा काय होती तो आकडा. भाव हलतो तो तिसऱ्याशी पडलेल्या फरकावर. साठा वाढला तरी अपेक्षेपेक्षा कमी वाढला असेल तर भाव चढतो. "रिपोर्ट मंदीचा आला आणि बाजार तेज झाला, काहीतरी गडबड आहे," असं मोंढ्यात अनेकदा ऐकू येतं. गडबड नसते, बाजाराने मंदी आधीच भावात धरलेली असते.

अहवालाच्या शेवटी एक तक्ता असतो, तो बहुतेक जण उघडतच नाहीत. मला तो सगळ्या अहवालात मोलाचा वाटतो. आपले आधीचे अंदाज अंतिम आकड्यांपासून किती चुकले, याचा वर्षानुवर्षांचा हिशेब त्यात दिलेला असतो. जगातली एवढी मोठी यंत्रणा स्वतःची चूक मोजून छापते. तुम्हाला पैसे घेऊन भावाचा मेसेज पाठवणाऱ्याकडे असा हिशेब मागा. देत नसेल तर ते पैसे वाचवा.

जागतिक अर्थव्यवस्थेचे मोठे अंदाजही याच नजरेने पाहा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२० मध्ये त्या वर्षी जग ३.३ टक्क्यांनी वाढेल असं म्हटलं होतं. एप्रिलमध्ये तेच म्हणू लागले की ३ टक्क्यांनी आक्रसेल. मध्ये कोविड आला. जानेवारीचे अर्थतज्ज्ञ अडाणी नव्हते. "आहे तसं चालू राहिलं तर" ही अट त्या आकड्यात होती, आणि अट मोडली.

पायरी ५: दरवाजे कोणाच्या हातात आहेत ते पाहा

जगाचा भाव आणि मोंढ्याचा भाव यांच्यामध्ये सरकारी दरवाजे आहेत. नवख्यांचे अंदाज सर्वांत जास्त इथे चुकतात, कारण हवामान आणि साठा मोजता येतो, दरवाजा कधी उघडेल हे मोजता येत नाही.

२०२१ चा ऑगस्ट आठवा. काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या पुढे गेलं होतं. पेंड महागल्याने पोल्ट्रीवाले हैराण होते. त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. ऑक्टोबरात तेल आणि तेलबियांवर साठा मर्यादा आली. डिसेंबरात शेअर आणि वायदे बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले, आणि पुढे ती मुदत वाढवत नेली. त्याआधीच, नवा माल यायच्या सुमारास, भाव निम्म्यावर आले होते. आमच्या भागातल्या कितीतरी घरांनी तो माल दहा हजारांची वाट पाहत ठेवला. २०२२ च्या वसंतात, युक्रेनचं युद्ध पेटल्यावर आणि सूर्यफूल तेल अडकल्यावर, भाव सात हजारांच्या पुढे गेलाही. तेव्हाही बरेच जण थांबले. ते आठवलं की आजही जीव कळवळतो, कारण सात हजार हा त्या परिस्थितीत उत्तम भाव होता. डोळ्यांपुढे मात्र दहाचा आकडा होता.

बाहेरच्या सरकारांचे दरवाजेही असेच. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ ला पामतेलाची निर्यात बंद केली आणि २३ मे रोजी पुन्हा सुरू केली. चार आठवडेही नाहीत. बंदीच्या बातमीवर ज्यांनी वर्षभराची तेजी बांधली, ते चुकले.

आणि २०२४ मध्ये वाढवलेलं शुल्क? ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं, एकूण १६.५ टक्के झालं. किराणा महागला की शुल्क उतरतं, हा अनेक वर्षांचा अनुभव आहे. शेतकऱ्याचा भाव पडला की ते तितक्या चपळाईने चढत नाही, हेही मी पाहत आलो आहे, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. पण अंदाज बांधताना राग बाजूला ठेवून सवय मोजावी लागते. खाद्यतेलाची महागाई डोईजड झाली की वहीत लिहा: शुल्क उतरण्याची शक्यता वाढली.

पायरी ६: पावसाच्या सरासरीवर विसंबू नका

हवामान खातं एप्रिलमध्ये आणि मेच्या अखेरीस मोसमी पावसाचा अंदाज देतं. २०२३ ला त्यांनी दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के सांगितलं, पडला ९४ टक्के. आकडा जवळजवळ अचूक. पण ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, आणि मराठवाड्यातलं सोयाबीन फुलोऱ्यात वाळलं. चार महिन्यांची देशभरची सरासरी तुमच्या मंडळातल्या तीन आठवड्यांच्या उघडिपीबद्दल काही सांगत नाही. शिवाय, आपल्याकडे पीक गेलं म्हणून भाव वाढेलच असंही नाही. जगाच्या शंभरातले आपण तीन. त्या वर्षी कमी पीक आणि कमी भाव दोन्ही एकदम वाट्याला आलं.

पायरी ७: स्वतःचा अंदाज लिहा, तारखेसकट

इथपर्यंत आलात की स्वतःचा अंदाज मांडा. एक आकडा लिहू नका, पट्टा लिहा. किती दिवसांत ते लिहा. दहा वेळा असा अंदाज केला तर किती वेळा बरोबर येईल असं वाटतं तेही लिहा. आणि काय घडलं तर अंदाज बदलाल, ते आधीच लिहून ठेवा. नंतर मन सोयीचं आठवतं.

विक्रीचा निर्णय अंदाजावर एकट्यावर टाकू नका. थांबण्याची किंमत काढा. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के दराने मिळतं. ४,४०० च्या मालावर ३,३०० कर्ज, सहा महिन्यांचं व्याज ९९ रुपये. ओलावा सुकून दोन टक्के घट धरली तर ८८ रुपये. म्हणजे भाव १८७ रुपयांनी वाढला तरच तुम्ही जिथल्या तिथे, हमाली वेगळी. तुमच्या पट्ट्याचं वरचं टोक याच्या फार पुढे नसेल तर गरजेपुरता माल आधी मोकळा करा आणि उरलेल्याचे दोनतीन भाग करा.

वहीतली नोंद अशी दिसावी, आकडे उदाहरणाचे:

"१२ नोव्हेंबर. आज मोंढा ४,३५०. तेल-पेंडीची बेरीज खर्च वजा जाता ४,३८०, म्हणजे भाव योग्य जागी. वास्डेत जागतिक साठा अपेक्षेपेक्षा थोडा कमी. ब्राझीलची पेरणी वेळेवर. डॉलर स्थिर. अंदाज: ३१ डिसेंबरपर्यंत ४,२५० ते ४,६००, दहात सात वेळा. बदलेन जर: शुल्क हललं, ब्राझीलमध्ये डिसेंबरात दोन आठवडे पाऊस नाही, किंवा पेंड ३० च्या खाली. निर्णय: ४० पोत्यांपैकी १५ आज, १५ तारण, १० फेब्रुवारीच्या आत."

खाली चार ओळी कोऱ्या सोडा. ३१ डिसेंबरला त्यात खरा भाव लिहायचा आणि चुकला असेल तर कोणत्या पायरीवर चुकला, तिचा क्रमांक.